समूहासाठी टी-शर्टची मागणी : छपाईपूर्वीची दक्षता

गणेशोत्सव मंडळ, ढोल-ताशा पथक किंवा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा यांसाठी एकसारखे टी-शर्ट छापून घेताना होणाऱ्या नुकसानीचे मूळ बहुधा मापांच्या यादीत आणि मजकुराच्या नमुन्यात असते. शाई कापडावर एकदा पक्की बसली की चूक दुरुस्त करता येत नसल्यामुळे संयोजकाची खरी जबाबदारी छपाई सुरू होण्यापूर्वीच संपते. एका उत्सव मंडळाच्या १२० टी-शर्टांची व्यवस्था प्रस्तुत लेखकाकडे होती, आणि पुढील सूचनांना त्या कामात झालेल्या चुकांचाच आधार आहे.

पहिली चूक मापांची झाली. ‘एल’ किंवा ‘एक्सएल’ ही अक्षरे सर्व उत्पादकांकडे एकाच मापाची निदर्शक नसतात. एकाच्या ‘एल’ची छाती ४० इंच, तर दुसऱ्याच्या ‘एल’ची ४२ इंच भरते. सभासदांनी कळविलेली अक्षरे जशीच्या तशी पुढे पाठविल्याने अनेकांना टी-शर्ट आखूड व घट्ट झाले. म्हणून प्रत्येकाने आपल्या अंगाला नीट बसणारा टी-शर्ट सपाट पसरून, एका बगलेखालून दुसऱ्या बगलेखालपर्यंतचे अंतर मोजून त्याची दुप्पट छाती म्हणून लिहावी, त्याबरोबर लांबीही द्यावी, आणि हे आकडे पुरवठादाराच्या मापतक्त्याशी ताडून मगच अक्षर ठरवावे. ज्याचे पैसे जमा झाले नाहीत त्याचे नाव यादीत घेऊ नये.

कापडाची जाडी ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे प्रति चौरस मीटर ग्रॅममधील वजनात सांगितली जाते, नेहमीच्या वापराच्या सुती टी-शर्टसाठी १८० जीएसएमच्या आसपासचे कापड पुरेसे असते. ‘बायोवॉश’ म्हणजे विकरांच्या साहाय्याने सुताची लव काढून कापड गुळगुळीत करण्याची प्रक्रिया असून, तिच्यावरून कापड धुतल्यावर आटणार नाही असे गृहीत धरू नये. एक नमुना धुऊन, वाळवून, पुन्हा मोजावा.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र जाळी तयार करावी लागते आणि तिचा खर्च नगसंख्येवर अवलंबून नसतो, त्यामुळे मागाहून पाच-सहा नग छापून घेणे फार महाग पडते. शिवाय निराळ्या वेळी रंगविलेल्या कापडाची छटा थोडी वेगळी येते. मागणीतच काही नग जास्तीचे धरणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

सर्वांत महाग पडली ती मजकुराची चूक. पाठीवर ‘कार्यकर्ता’ एवढा एकच शब्द हवा होता. परंतु तो ज्या मराठी फॉन्टमध्ये जुळविला होता तो छपाईवाल्याच्या संगणकावर नसल्यामुळे फाइल उघडताच दोन्ही रफार उतरून त्यांच्या जागी पायमोडके ‘र्’ आले, व्हॉट्सअ‍ॅपवरील बोटभर चित्रात ते कोणाच्या नजरेस आले नाही, आणि १२० पाठींवर ‘कार्‌यकर्‌ता’ उमटला. तक्रार केल्यावर छपाईवाल्याने संयोजकाचाच ‘ओके’ हा संदेश समोर धरला, आणि त्यावर उत्तर नव्हते.

हे टाळण्यासाठी मजकूर ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षरांचे रेषाकृतींत रूपांतर करून द्यावा, जेणेकरून फॉन्ट नसला तरी अक्षर बदलत नाही. त्यानंतर छपाईवाल्याच्याच संगणकावरून प्रत्यक्ष आकाराचा कागदी नमुना काढून, मजकूर जुळविण्यात सहभाग नसलेल्या दोघांकडून तो अक्षर-अक्षर वाचून घ्यावा. त्याच कागदावर कापडाचे वजन, मापवार नगसंख्या, दर, आगाऊ रक्कम आणि माल हाती देण्याची, उत्सवाच्या किमान आठ दिवस आधीची तारीख लिहून दोन्ही पक्षांनी सह्या कराव्यात. त्या मंडळात आता हा कागद हिशेबाच्या वहीला टाचला जातो, आणि त्यावर सही होईपर्यंत कोणी ‘ओके’ लिहीत नाही.