यॉर्क शहरातील एक दिवस

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्क नावाचे एक जुने शहर आहे. ऊझ नावाची नदी त्या शहरातून वाहते. रोमन लोकांनी इ. स. ७१ च्या सुमारास तेथे लष्करी ठाणे बांधले. पुढे ८६६ साली समुद्रापलीकडच्या डेन लोकांनी शहर जिंकले. रोमनांनी ठेवलेले नाव एबोराकम. डेन लोकांच्या तोंडी ते योर्विक झाले. घासत घासत आता यॉर्क उरले आहे.

माझी मुलगी लंडनला असते. तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा एक दिवस मी एकटाच हे शहर पाहून आलो. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनावरून गाडी सुटते. अंतर सुमारे ३०० किलोमीटर. पुणे ते सोलापूर याहून थोडे कमी भरेल. गाडी दोन तासांत पोचते. मुलगी म्हणाली, "बाबा, एकटे कसे जाल?" मी म्हणालो, "अगं, पाट्या वाचता येतात मला. जाईन की!" आणि खरोखर, कोणाला काही विचारावे लागले नाही. फलाटाचा आकडा, गाडीची वेळ, डब्याचा नंबर, सारे लिहिलेले असते. ते वाचावे आणि चालावे.

यॉर्क स्टेशनाच्या बाहेर पाऊल टाकले की समोर दगडी तट दिसतो. हा तट शहराभोवती सुमारे साडेतीन किलोमीटर आहे. मधे मधे तुटलेला आहे, पण वरून चालत जाता येते. तिकीट नाही. एका अंगाला घरांच्या परसबागा दिसतात, दुसऱ्या अंगाला रहदारीचा रस्ता. १८०० साली तिथल्या नगरपालिकेनेच हा तट पाडायचे ठरवले होते. डागडुजीला पैसा लागतो आणि वेशी अरुंद पडतात, अशी तक्रार होती. लोकांनी विरोध केला. काही भाग पडलाच, पण पुष्कळसा वाचला. आज त्याच तटासाठी लांबून लोक येतात आणि गावाच्या दुकानदारांचे पोट त्यावर चालते.

आता एक गंमत सांगतो. इंग्रजीत गेट म्हणजे दरवाजा, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण यॉर्कात रस्त्याच्या नावाला 'गेट' लागते. स्टोनगेट, मिकलगेट, कॉपरगेट. डेन लोकांच्या भाषेत रस्त्याला असा शब्द होता, तो तसाच राहिला. मग वेशीला काय म्हणतात? 'बार' म्हणतात! आपल्याकडे बार म्हटले की दारूचे दुकान डोळ्यांपुढे येते. तिकडे मिकलगेट बार म्हणजे मिकलगेट आळीची वेस. जुन्या काळी बंडखोरांची मुंडकी कापून या वेशीवर टांगत असत.

कॉपरगेटचेही असेच. कॉपर म्हणजे तांबे, तेव्हा ही पुण्यासारखी तांबट आळी असेल, असे वाचणाऱ्याला वाटेल. तसे नाही. ती लाकडी पेले कातणाऱ्यांची आळी. तेथे १९७६ ते १९८१ या काळात खोदकाम झाले. हजार वर्षांपूर्वीची लाकडी घरे, कातडी जोडे, हाडांच्या फण्या, असे पुष्कळ काही ओल्या मातीत सापडले. जवळच शॅम्बल्स नावाची खाटीक आळी आहे. घरांचे वरचे मजले पुढे झुकलेले. समोरासमोरच्या खिडक्यांतून हात लांब करावेत, तर एकमेकांना लागतील असे वाटते. मांस टांगायचे आकडे काही दुकानांवर अजून आहेत. खाटीक मात्र राहिले नाहीत.

शहराच्या मधोमध मिन्स्टर नावाचे प्रचंड ख्रिस्ती मंदिर आहे. आत जायला तिकीट लागते. आजची दगडी इमारत १२२० च्या सुमारास सुरू झाली, ती पुरी झाली १४७२ साली. म्हणजे पायाचा दगड बसवणाऱ्याच्या नातवाच्या नातवालाही कळस दिसला नसेल. पूर्वेकडे रंगीत काचांची खिडकी आहे, ७० फुटांहून उंच. जगाची उत्पत्ती आणि जगाचा शेवट तिच्यात चित्रांनी दाखवला आहे. ज्याला अक्षर येत नव्हते त्याने मान वर करून चित्रे पाहावीत. जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने ती १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत केली आणि त्याला एकंदर ५६ पौंड मिळाले. हे आज कसे कळते? कामाचा करार लिहून ठेवला होता म्हणून.

पण कागदाची दुसरी एक गोष्ट मला त्या दिवशी अधिक लागली. नदीजवळ गवताची एक उंच टेकडी आहे. तिच्यावर क्लिफर्डचा बुरूज उभा आहे. ११९० साली तेथे राजाचा लाकडी बुरूज होता. त्या काळी ख्रिस्ती माणसाने व्याजाने पैसे देणे हे धर्माविरुद्ध मानीत. ज्यू लोकांना पुष्कळ धंदे बंद होते. म्हणून त्यांतले काही सावकारी करीत. यॉर्कमधले काही बडे जमीनदार त्यांचे देणेकरी होते. त्यांनी धर्माच्या नावाने जमाव चेतवला. ज्यू बायकामुलांसह बुरुजात शिरले. १६ मार्चच्या रात्री, सुटका नाही असे पाहून, बहुतेकांनी आपल्याच हातांनी एकमेकांचे जीव घेतले. जे उरले त्यांना अभयाचे वचन देऊन बाहेर बोलावले आणि ठार केले. सुमारे १५० माणसे गेली. मग जमाव मिन्स्टरमध्ये गेला. कर्जाचे रोखे तेथे ठेवलेले होते. ते काढून जाळले.

हे वाचताना मला आपले सुपे आठवले. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांचे रोखे व वह्या हिसकावून जाळल्या. तुमच्यापैकी कितीकांच्या खापरपणजोबांनी न वाचताच अशा रोख्यांवर अंगठा उठवला असेल! मात्र दोन्ही गोष्टी एकच समजू नका. आपल्या शेतकऱ्यांचा रोख कागदांवर होता. यॉर्कात बायकामुलांसह माणसे मेली, आणि जमाव भडकवणारे काही गरीब कुळे नव्हते.

दोन्हीकडे सरकारने पुढे कागदाचाच बंदोबस्त केला. इंग्लंडच्या राजाने ११९४ साली हुकूम काढला, की कर्जाचा रोखा दोन प्रतींत लिहावा आणि एक प्रत सरकारी पेटीत कुलपात ठेवावी. राजाला त्या कर्जांतून कर मिळत असे, हेही त्यामागे होते. आपल्याकडे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचा रोखा सरकारी निबंधकासमोर लिहिला जावा असे ठरले.

ज्यूंना १२९० साली इंग्लंडातून घालवून दिले. १६५६ नंतर ते पुन्हा तेथे उघडपणे राहू लागले.

टेकडीच्या पायथ्याशी एक लहान दगडी पाटी आहे. माणसे कोण होती, किती होती, कोणत्या रात्री मेली, हे तिच्यावर लिहिले आहे. येणारेजाणारे वाकून वाचतात. मीही वाचली. ती पाटी १९७८ साली बसवली, म्हणजे त्या रात्रीनंतर ७८८ वर्षांनी.