मांडवांचा सण आणि आपल्या घरातली नागली

शास्त्रवाचन : अनुवाद १६:१३-१५, नहेम्या ८:९-१८
पाठाचा उद्देश : देवाने दिलेले पीक आधी आपल्या लेकरांच्या ताटात आणि मग शेजाऱ्याच्या ताटात जावे, आणि हे आपण आनंदाने करावे.



आश्विन लागला की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांवर रंग बदलतो. खुरासणी पिवळी फुलते. हळवे भात कापून खळ्यावर येते. वरकस उतारावर नागली आणि वरईची कणसे भरतात. कुडाच्या घरावर चढलेल्या वेलाला भोपळे आणि मोठाल्या पावसाळी काकड्या लोंबतात. आषाढ-श्रावणात ज्या घरात दोन वेळच्या पेजेची भ्रांत होती, त्याच घरात आता उडीद, चवळी, तांदूळ सगळे दिसते. वर्षातले हे सहा-सात आठवडे भरलेल्या घराचे असतात.

पण दिवाळी झाली की पुष्कळ कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. काहींनी उचल आधीच घेतलेली असते. म्हणून शरदातल्या या थोड्या दिवसांत घरातल्या धान्याचे काय होते, यावर लहान लेकरांची पुढच्या पावसाळ्यापर्यंतची तब्येत ठरते. आजचा पाठ त्याविषयी आहे.

एका आजीचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर आम्ही हंगामाचा सण ठेवला होता. शहरातल्या मंडळीने प्रेमाने बिस्किटे, वेफर्स आणि सरबताच्या बाटल्यांचे खोके पाठवले होते. ते खोके मीच मागितले होते. आमची जीप पाड्यात शिरली तेव्हा व्यापाऱ्याची पिकअप बाहेर पडत होती आणि तिच्यात नागलीची पोती होती.

उपासना झाली, मुलांना पुडे वाटले, फोटो काढले. एक आजी ओट्यावर बसून सारे बघत होत्या. निघताना त्या मला म्हणाल्या, "बाई, आमची नागली त्या गाडीत गेली, तुमची बिस्किटं या गाडीतून आली. घरात काय राहिलं?"

मला उत्तर देता आले नाही. त्यांच्या दोन वर्षांच्या नातीचे वजन त्याच महिन्यात अंगणवाडीच्या तक्त्यात "तीव्र कमी वजन" असे नोंदले गेले होते. ते मला माहीत होते आणि तरी मी तिच्या हातात वेफर्सचा पुडा दिला होता.

याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ साली झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर रस्ते आले, अंगणवाड्या आल्या, योजना आल्या. तरीही कुपोषण गेलेले नाही. त्या दिवसापासून मी हंगामाच्या सणाचे शास्त्रपाठ पुन्हा वाचू लागले.

शास्त्र काय शिकवते?

इस्राएल लोकांचा मांडवांचा सण, इब्री भाषेत सुक्कोथ, हा सातव्या महिन्यात येई. आपल्याकडे तेव्हा साधारण भाद्रपद-आश्विन असतो. खळ्यातले धान्य आणि द्राक्षकुंडातला रस घरात आल्यावर सात दिवस हा सण पाळायचा. लोकांनी झाडांच्या फांद्या आणून मांडव घालायचे आणि त्यांत राहायचे (लेवीय २३:३९-४३). रानडुकरांपासून पीक राखायला शेतात मांडव घालून रात्र काढणाऱ्या आपल्या बांधवांना हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

या वचनांत तीन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, आनंद करणे ही देवाची आज्ञा आहे. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात परमेश्वर लोकांना सणात आनंद करायला सांगतो. विश्वासणाऱ्याने पोटभर जेवून हसणे-खेळणे यात कमी भक्ती नाही.

दुसरी, पंगतीत कोण बसणार हेही देवच सांगतो. मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांची नावे तो घेतो. ज्यांचे स्वतःचे खळे नाही, त्यांनाही त्या आनंदात वाटा आहे.

तिसरी गोष्ट नहेम्याच्या आठव्या अध्यायात आहे. लोक नियमशास्त्र ऐकून रडू लागले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की जा, चांगलेचुंगले खा, गोड प्या आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांना वाटे पाठवा. देवापासून येणारा आनंद हेच त्यांचे बळ आहे, हेही तिथेच सांगितले आहे. आधी घरात शिजले, मग वाटा बाहेर गेला. घरातले सगळे विकून टाकले तर पाठवायला वाटा कुठून राहणार?

खळ्यावर करायचा हिशेब

नागली हे गरिबाचे अन्न म्हणून आपण तिला लाजतो. पाहुणा आला की भात, आणि नागलीची भाकर चुलीमागे. पण शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहाच्या आतबाहेर. हाडे-दात घडण्याच्या वयातल्या मुलाला आणि दूध पाजणाऱ्या आईला हा फरक मोठा आहे. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले आणि शहरातल्या दुकानांत नागलीची बिस्किटे महाग विकली जाऊ लागली. आपण मात्र तीच नागली विकून मैद्याची बिस्किटे घेतो.

पाच माणसांच्या घराचा हिशेब करू. माणशी रोज एक भाकर म्हणजे साधारण ६५ ग्रॅम पीठ. पाच जणांचे रोज सव्वातीनशे ग्रॅम, महिन्याचे सुमारे १० किलो. कार्तिकापासून वैशाखापर्यंत सात महिने धरले तर ७० किलो. एवढी नागली आधी कणगीत टाका, बियाणे वेगळे काढा आणि मग उरलेली विका. ज्याच्याकडे एवढी पिकत नाही, त्याने निदान लहान मुलांपुरती आणि गरोदर बाईपुरती ठेवावी.

दुसरा हिशेब दुकानाचा. दोन मुलांना रोज पाच-पाच रुपयांचा पुडा दिला तर महिन्याला ३०० रुपये होतात. अंड्याचा भाव सात रुपये धरला तरी तेवढ्यात चाळीसहून अधिक अंडी येतात, म्हणजे दोन्ही मुलांना दीड दिवसाआड एकेक अंडे. घरी कोंबड्या असतील तर अंडी विकण्याआधी लेकरांची काढून ठेवा.

बियाण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे या आदिवासी शेतकरी बाईंनी गावरान वाणांची बियाणे घरात जपली, इतर बायांना वाटली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या मडक्यात राख घालून आपली आई वालाचे आणि भोपळ्याचे बी ठेवत असे, ते मडके पुन्हा भरा.

स्वस्त आणि सकस ताट

१. धान्याबरोबर कडधान्य. नागलीची भाकर आणि उडदाची आमटी, किंवा भात आणि चवळी. एकातले उणे दुसरे भरून काढते. नुसता भात-मीठ किंवा नुसती भाकर-चटणी यांनी पोट भरते, अंग भरत नाही.

२. रोज एक पालेभाजी. शेवग्याचा पाला, भोपळ्याचा पाला, अळू या फुकटच्या भाज्या आहेत. अळूला चिंच घाला म्हणजे घसा खाजत नाही. लाल भोपळा डोळ्यांसाठी चांगला.

३. जेवणात काही आंबट. लिंबू, चिंच किंवा कार्तिकात येणारा आवळा. लिंबू-आवळ्यामुळे भाजी-धान्यातले लोह अंगी लागते. चहा मात्र जेवणाबरोबर घेऊ नका, कारण तो लोह अंगी लागू देत नाही. तास-दीड तास जाऊ द्या.

४. बाळासाठी मोड आलेली नागली. नागली रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणा, सावलीत वाळवा, मंद भाजून दळा. या पिठाची पेज कमी पाण्यातही पातळ राहते, म्हणून बाळाच्या छोट्या पोटात जास्त अन्न जाते. वर थेंबभर तेल किंवा तूप घाला. सहा महिने पूर्ण होईपर्यंत मात्र फक्त आईचे दूध.

५. कंद जाणत्या बाईला विचारून. करांदे, कोनफळ, सुरण उकडून छान लागतात. पण रानातले काही कंद कडू आणि विषारी असतात. ते कसे ओळखावे आणि कसे शिजवावे हे पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायांकडून शिका. हे ज्ञान त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका.

६. हक्काचे सोडू नका. अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचे ताजे जेवण मिळते आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी. ते मिळते का हे विचारणे म्हणजे भांडण नव्हे. कामाला बाहेरगावी जाताना रेशनकार्ड बरोबर घ्या, तिथल्या दुकानातही धान्य घेता येते. बाळाचे लसीकरणाचे कार्डही जवळ ठेवा आणि तिथल्या अंगणवाडीत नाव सांगा.

आता आमचा सण कसा होतो

आजीच्या प्रश्नानंतर आम्ही खोके बंद केले. आता हंगामाच्या सणाला "एक घर, एक टोपले" असे ठरले आहे. ज्याच्या घरी जे पिकले ते तो आणतो. काकडी आणणाराही येतो आणि चिमूटभर उडीद आणणारी विधवाही येते. अंगणात फांद्यांचा मांडव मुले घालतात. बाया मिळून उकडलेल्या शेंगा, नागलीच्या भाकरी, उडदाची आमटी आणि पिकल्या काकडीचा कीस, तांदळाचे पीठ व गूळ पानात वाफवून करायची सावेळी करतात. शहरातले पाहुणे आता तेल, गूळ आणि अंडी आणतात आणि पंगतीत मांडी घालून बसतात.

जेवणानंतर मुलांची रानभाजी ओळखण्याची शर्यत, तरुणांची रस्सीखेच आणि आजी-आजोबांची कोडी. मग ढोल निघतो आणि गाणी होतात. तारप्याविषयी मंडळीत मतभेद झाले. दुधी, बांबू आणि ताडाच्या पानांपासून केलेले ते वाद्य वारली समाजाचे जुने धन आहे. काही विश्वासणाऱ्यांना त्यात मागच्या पूजेची आठवण येते, काहींना नाही. पाळकसाहेबांनी स्तोत्र १५० वाचून दाखवले आणि सांगितले की ज्याच्या मनाला बोचते त्याने फेरात येऊ नये आणि जो येतो त्याला दुसऱ्याने दोष देऊ नये. मला तो न्याय योग्य वाटला.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाटे. जेवायला बसण्याआधी बाळंतिणीचे घर, एकटे म्हातारे माणूस आणि आजारी माणसाचे घर यांचे डबे भरले जातात. हे डबे पाड्यातल्या सर्व घरांचा विचार करून जातात, मग ते घर उपासनेला येवो अथवा न येवो. पहिल्या वर्षी एका घराने डबा परत केला. त्यांना वाटले, याच्यामागे काही मागणे असेल. दुसऱ्या वर्षी त्यांनी डबा ठेवून घेतला. तिसऱ्या वर्षी डबा धुऊन आला तेव्हा त्यात चार करांदे होते. आम्ही काही मागितले नव्हते आणि पुढेही मागणार नाही.

त्या आजींच्या घराने पुढच्या हंगामात नागलीची दोन पोती राखली. नात ज्येष्ठात भट्टीवरून परतली तेव्हा मी तिच्याबरोबर अंगणवाडीत गेले. ती "मध्यम कमी वजन" या गटात आली होती. अजून बरेच जायचे आहे, पण प्रथमच ती उन्हाळ्यात घटली नव्हती. आजी तक्ता वाचू शकत नव्हत्या. त्यांनी नातीचे मनगट आपल्या बोटांत धरून पाहिले आणि मान हलवली.

चर्चेसाठी प्रश्न

१. अनुवाद १६:१४ मधील यादीत आज आपल्या गावातली कोणती माणसे येतील?
२. आपण दान म्हणून जे खाऊ पाठवतो ते आपण आपल्या मुलांना रोज द्याल का?
३. आपल्या मंडळीच्या पुढच्या जेवणात घरचे काय असेल आणि विकतचे काय?

या आठवड्यात घरी : एक दिवस पूर्ण जेवण आपल्याच भागात पिकलेल्या वस्तूंचे करा आणि एक वाटा शिजवतानाच बाजूला काढा.

प्रार्थनेचे विषय : खळ्यावरचे धान्य पावसाने भिजू नये म्हणून. दिवाळीनंतर कामाला निघणाऱ्या कुटुंबांसाठी आणि त्यांच्याबरोबर जाणाऱ्या बाळांसाठी. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंसाठी. आणि देणाऱ्या आपणा सर्वांसाठी, की देण्याआधी आपण विचारायला शिकावे.

देवबाप आपल्या कणग्या भरो आणि त्यांची झाकणे शेजाऱ्यासाठी उघडी ठेवो. आमेन.