फरशी घालावी कशी, काढावी कशी

हॉस्टेलवर काउंटर स्ट्राइक खेळणारे ढिगानं सापडतील, ड्वार्फ फोर्ट्रेस खेळणारा एखादाच. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन भावांनी हा गेम २००६ साली फुकट दिला तेव्हा पडद्यावर नुसती अक्षरं-चिन्हं दिसायची. चित्रांची आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. बुटक्यांची टोळी घेऊन डोंगरात किल्ला उभारायचा, असा एकूण मामला. मी सिव्हिलचा, त्यामुळे मला लढायांपेक्षा मजल्यांत रस. म्हणून हा धडा फक्त फरशीचा. फरशी म्हणजे खालच्या मजल्याचं छत आणि वरच्या मजल्याची जमीन, दोन्ही एकच.

सगळी जागा चौकोनी घरांची, थरावर थर. फरशीच्या घराला चार बाजूंपैकी एका तरी बाजूनं आधार पाहिजे. नुसता कोपऱ्याला कोपरा टेकला तर चालत नाही. पण एकदा जोडली की तिला दुसरी, दुसरीला तिसरी लावत जा. भिंतीतून पन्नास घरं लांब सज्जा काढा, खाली एकही खांब नको, तरी हलत नाही! आमच्या स्ट्रक्चरच्या सरांना दाखवलं तर चक्कर येईल. आणखी एक गंमत, भिंत बांधली की तिच्या माथ्यावर फरशी आपोआप होते. भिंत काढली की तीही जाते.

काढायचे प्रकार दोन. बांधलेली फरशी बांधकाम काढण्याच्या हुकुमानं निघते आणि तिचा दगड परत मिळतो. डोंगराची मूळ जमीन अशी निघत नाही. ती वरून चर खणून काढायची, आणि खालचा थर भरीव असेल तर तोही खणला जाऊन तिथं उतार राहतो. खंदक असेच होतात. आपल्या कंधारच्या किल्ल्याचा खंदक ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे काम किती मोठं ते सांगायला नको.

खरी कसोटी क्रमाची. सज्ज्याची भिंतीलगतची रांग आधी काढली, तर पुढचं सगळं अधांतरी होतं आणि एकदम कोसळतं. वर उभा कामगार त्याच्यासोबत जातो, खालचा चिरडतो, धुरळ्यानं आजूबाजूचे बेशुद्ध पडतात. म्हणून टोकाकडून भिंतीकडे यायचं, एका वेळी एकच रांग. वीस घरांचा हुकूम एकदम दिला तर बुटके आपापल्या अकलेनं कुठूनही सुरू करतात. खालची ये-जा आधीच बंद ठेवायची, हे वेगळं सांगत नाही.

माझा रूममेट औसा तालुक्यातला. दोन तास बघत बसला आणि म्हणाला, "अबे, पण ह्यात वजनच नाही की!" अगदी बरोबर. गेम फक्त जोड बघतो, भार बघत नाही. आणि किल्लारीच्या भागातल्या पोराला हे आधी खटकणारच.

आता आपलं माळवद घ्या. लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर माती. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी आणखी माती, पिढ्यान् पिढ्या. थर दोन फूट म्हणजे ६० सेंटिमीटर धरला आणि मातीचं वजन घनमीटरला १७०० किलो धरलं, तर चौरस मीटरला टनभर भार झाला. दहा बाय बाराच्या खोलीवर अकरा टन! उभा भार जाड भिंती सहज पेलतात. भूकंपात मात्र तेच वस्तुमान आडवं ओढतं. नुसता दहा टक्के धरला तरी टनाहून जास्त आडवा जोर, आणि तो मातीत रचलेल्या दगडांच्या माथ्यावर. भिंतीही दोन पदरी, मधे खडीमाती, दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्री, ६.२ तीव्रतेच्या धक्क्यानं हे पदर सुटले आणि झोपलेल्या माणसांवर दगडमाती आली. हजारो माणसं गेली. जिथं छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथं काही घरांत भिंती पडूनही माळवद उभं राहिलं.

अशी घरं गावोगाव अजून आहेत, आणि छताची माती कमी करणं हा मजबुतीकरणातला पहिल्यांपैकी उपाय. इथं गेमचा क्रमाचा धडा लागू पडतो, पण वजनाची भर घालून. आधी तुळयांना खालून टेकू. मग माती पातळ थरांनी, छतभर सारखी उतरवायची. एक बाजू मोकळी आणि दुसरीवर ढीग असं नको, कारण ढिगाखालची तुळई एकटीच सगळं सोसते. उपसलेली माती छतावर साठवायची नाही, लगेच खाली, भिंतीपासून दूर. घर पाडायचंच असेल तर वरून खाली, मजल्यामागून मजला. त्यासाठी आयएस ४१३० ही संहिता आपल्या लायब्ररीत मिळेल. काम चालू असताना खालच्या खोलीत माणूस नाही, जनावरही नाही. म्हातारी माणसं "माझं काय होतंय" म्हणून आत बसून राहतात, त्यांना आधी बाहेर आणा.