पांढऱ्या काठाचे आफ्रिकन व्हायोलेट आणि त्याचे पाणी



आपल्या पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या खिडकीत एखादे तरी आफ्रिकन व्हायोलेट असते. झाड वीतभर, पाने लवदार मखमलीसारखी, आणि मधोमध जांभळ्या वा गुलाबी फुलांचा झुबका. त्यातच एक प्रकार असा की पानांना लुगड्यासारखा पांढरा काठ असतो. नर्सरीवाले त्यास व्हेरिगेटेड म्हणतात. असे झाड आपण हौसेने आणतो, दोन-तीन महिन्यांत ते मान टाकते, आणि आमच्या हाताला यश नाही असे म्हणून आपण कुंडी रिकामी करतो. दोष हाताचा नसतो. बहुतेक वेळा तो पाण्याचा असतो, आणि तोही कमी पाण्याचा नव्हे, जास्त पाण्याचा.

हे आम्ही स्वतः नुकसान सोसून शिकलो. आमच्या मावशी बेरशेवा येथे राहत. त्या वारल्यावर त्यांच्या खिडकीतले पांढऱ्या काठाचे व्हायोलेट आमच्याकडे आले. त्यांच्या हातची जिवंत अशी तेवढी एकच वस्तू आमच्याकडे होती, म्हणून आम्ही त्याला तळहाताच्या फोडासारखे जपत होतो. पुढे वसंतात खमसीनचा वारा सुटला. दुपारी पाहतो तो पाने लोंबलेली. झाड तहानले असे समजून आम्ही पाणी घातले. संध्याकाळी पाने तशीच, म्हणून पुन्हा घातले. चार दिवस असे चालले, आणि पाचव्या दिवशी खोड बोटाने दाबले तर ते आतून मऊ, तपकिरी झालेले.

मुळे सुकली की पाने लोंबतात, आणि मुळे कुजली तरीही पाने तशीच लोंबतात, हे आम्हास तेव्हा ठाऊक नव्हते. माती सतत भिजलेली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरून कुजतात, आणि कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. झाड पाण्यात उभे असून तहानेने मरते. सबब पान लोंबले की झारी उचलू नये, प्रथम कुंडी उचलावी. हलकी लागली तर झाड तहानले आहे. जड लागली तर पाणी बंद करावे, झाड सावलीत न्यावे, आणि मुळे काढून पाहावीत.

या झाडाचे मूळ घर पाहिले म्हणजे कारण ध्यानात येते. पूर्व आफ्रिकेत, आज ज्यास टांझानिया म्हणतात तेथे, उसांबाराचे डोंगर आहेत. तेथील जर्मन अंमलदार वॉल्टर फॉन सेंट पॉल यांनी या झाडाचे बी जर्मनीत आपल्या वडिलांकडे पाठविले, व १८९३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ हेर्मान वेंडलांड यांनी त्यास सेंटपॉलिया हे नाव दिले. खऱ्या व्हायोलेटशी याचे नाते नाही, फक्त फुलाचा रंग तसा. तर त्या डोंगरांत ही झाडे सावलीत, शेवाळलेल्या खडकांच्या फटींत मूठभर मातीवर वाढतात. पाऊस येतो, पाणी खडकावरून वाहून जाते. ओल राहते, पण पाणी साचत नाही. आपण त्यास खोल कुंडीत, चिकट बागेच्या मातीत लावतो, मग ते कसे जगावे? कुंडी झाडाच्या पसाऱ्याच्या एकतृतीयांश रुंदीची पुरे. माती म्हणून, येथे ज्यास 'कबूल' म्हणतात ते पीट अर्धे व पर्लाईट अर्धे घ्यावे.

आता पांढऱ्या काठाकडे येऊ. पानाच्या हिरव्या भागात हरितद्रव्य असते, उजेडातून अन्न तयार करण्याचे काम त्याचे. पांढऱ्या भागात ते नसते. म्हणजे तो भाग काही कमावत नाही, हिरव्याच्या जिवावर जगतो. घरात कमावता एक आणि खाणारी तोंडे चार, अशातली ही गोष्ट. म्हणून हे झाड हिरव्या झाडापेक्षा सावकाश वाढते व पाणीही बेताने पिते. शेजारच्या हिरव्या व्हायोलेटला जेवढे पाणी मानवते, तेवढ्यात हे बुडते. दोन्हींना एकाच दिवशी, एकाच मापाने पाणी घालू नये.

काठाचे हे झाड अमेरिकेत १९५९ साली टॉमी लुईस ओडेन या बाईंना सापडले, म्हणून त्या प्रकारास टॉमी लू म्हणतात. त्याचा पांढरा रंग थंडीगरमीप्रमाणे कमीजास्त होतो. उन्हाळ्यात नवी पाने बरीच हिरवी येतात व थंडीत पांढरेपणा वाढतो. उन्हाळ्यात झाड बिघडले म्हणून टाकून देऊ नये, थंडीपर्यंत वाट पाहावी. नत्राचे खत जास्त झाले तरीही पाने हिरवी होतात, तेव्हा फुलझाडांचे कमी नत्राचे खत, आणि तेही डब्यावर लिहिलेल्या मापाच्या चौथाईने द्यावे. उलट झाड फारच पांढरे पडून खुरटले, तर त्यास थोडे उबेत ठेवावे व नत्र वाढवावे.

दुसरा एक प्रकार असतो, त्यात झाडाच्या मधली कोवळी पानेच फिकट किंवा पिवळसर येतात व जून झाली की हिरवी होतात. तो रोग नव्हे.

पाणी घालण्याची आमची रीत अशी. कुंडी बशीत ठेवून बशीत पाणी ओतावे, अर्ध्या तासाने उरलेले फेकून द्यावे. नंतर मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागेपर्यंत पुन्हा देऊ नये. पाणी खोलीइतक्याच उबेचे असावे. थंडीच्या दिवसांत नळाचे गार पाणी पानावर पडले तर तेथील पेशी मरतात व पिवळट कडी उमटते, ती पुन्हा जात नाही. आम्ही पाणी रात्रीच भांड्यात भरून ठेवतो. महिन्यातून एकदा मात्र पाने उचलून वरून भरपूर पाणी ओतावे व खालून वाहू द्यावे, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात. कुंडीच्या कडेवर पांढरी खपली दिसू लागली की हे करण्यास उशीर झाला असे समजावे.

आता पाणी कोणते? ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, ते जड पाणी या झाडालाही मानवत नाही. आपल्या किटलीच्या तळाशी (येथे किटलीस 'कुमकुम' म्हणतात, ते ऐकून आपल्याकडच्या कोणास हसू येत नाही!) जो पांढरा थर बसतो, तोच चुना मुळांशीही बसतो. २००५ साली अश्केलोन येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना सुरू झाला व पुढे आणखी झाले, तेव्हापासून बऱ्याच शहरांत नळाचे पाणी पूर्वीपेक्षा हलके आले आहे. तरी किटलीत थर बसत असेल तर पाणी उकळून, निवू देऊन, वरचे तेवढे घ्यावे. पावसाचे पाणी सर्वांत उत्तम. मिठावर चालणाऱ्या यंत्रातून मऊ केलेले पाणी मात्र घालू नये, त्यातील सोडियम झाडास बाधतो.

आठवडाभर परगावी जायचे असेल तर वातीची युक्ती करावी. कुंडीच्या तळातून नायलॉन वा ॲक्रिलिक लोकरीचा दोरा मातीत घालून त्याचे दुसरे टोक खालच्या पाण्याच्या डब्यात सोडावे. कुंडीचा तळ पाण्यास टेकू देऊ नये. सुती दोरा कुजतो. वातीवर ठेवायच्या झाडास पर्लाईट थोडे अधिक घालावे.

आता मावशींच्या झाडाची हकीकत पुरी करतो. खोड गेले होते, पण पाच पाने अजून टणक होती. आम्ही मोहाने सर्वांत पांढरे, सुंदर पान निवडून लावले. ते तीन आठवड्यांत विरघळून गेले. पांढरे पान स्वतःस पोसू शकत नाही, तर ते पिल्ले कोठून पोसणार? मग शहाणे होऊन सर्वांत हिरवी दोन पाने घेतली. देठ चार सेंटिमीटर ठेवून तिरपा कापला, ओलसर पर्लाईटमध्ये खोचला, वरून प्लॅस्टिकची पिशवी घातली. अडीच महिन्यांनी पिल्ले निघाली, ती पांढरीफटक! आम्ही घाबरलो, पण त्यांस मूळ पानापासून तोडले नाही. तोडली असती तर उपाशी मेली असती. पुढच्या पानांत हिरवा रंग उतरल्यावरच ती वेगळी केली.

आज तीन कुंड्या आहेत. एक आम्ही मावशींच्या मुलीस दिली. सोबत पाण्याची बशी दिली, झारी मात्र दिली नाही.