पेटीला मींड का येत नाही?

आमच्या घरी आजोबांचं भजन असलं की पेटीवर मी. एकदा साथ करताना ते थांबले आणि म्हणाले, "पेटी पायरी-पायरीने जाते गं, गळा तसा जात नाही." मला वाईट वाटलं, पण खरं होतं. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये सूर नसतो, म्हणून मींड येत नाही.

त्याचं उत्तर मला मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये सापडलं. हे सुट्या भागांचं वाद्य. एक भाग सूर काढतो, दुसरा त्याचा पोत बदलतो, तिसरा त्याला लहान-मोठा करतो. हे भाग वायरींनी आपणच जोडायचे. अमेरिकेत रॉबर्ट मोग यांनी १९६४ मध्ये संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्यासोबत याचा आपला नमुना बनवला. आपल्या वडोदऱ्याजवळ, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी मोगचं यंत्र बसवलं होतं.

सुरुवातीला मला वाटायचं, प्रत्येक वायरीतून आवाजच जातो. तसं नाही. काही वायरींतून फक्त हुकूम जातो. त्याला कंट्रोल व्होल्टेज म्हणतात. तो आपल्याला ऐकू येत नाही. तो दुसऱ्या भागाला काय करायचं ते सांगतो.

मोगच्या पद्धतीत १ व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर जातो. पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग असतात, म्हणजे एक पट्टी सुमारे ०.०८३ व्होल्टची. सा पासून शुद्ध ग चार पट्ट्या वर, म्हणून ०.३३३ व्होल्ट. पण तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार सा च्या सव्वापट कंपनसंख्येचा असतो. त्याला ०.३२२ व्होल्टच लागतात. पेटीचा गंधार किंचित चढा का वाटतो, ते या आकड्यांतून कळतं.

आता मींड. व्होल्टेज ० वरून ०.३२२ वर एकदम नेला तर सूर उडी मारतो. मध्ये स्ल्यू लिमिटर नावाचा भाग जोडला की तोच व्होल्टेज हळूहळू चढतो आणि मधले सगळे सूर घेत सा गंधारावर पोहोचतो. 'व्हीसीव्ही रॅक' या मोफत संगणक-प्रणालीवर मी हे जमवलं आणि आजोबांना ऐकवलं.

ते म्हणाले, "मींड आली. पण हा श्वास कुठे घेतो?"

बरोबर! माझा सूर अखंड वाजत होता. आवाज लहान-मोठा करणारा भाग, व्हीसीए, मी जोडलाच नव्हता. तो पेटीच्या भात्यासारखा: त्याला व्होल्टेज मिळाला नाही तर आवाज बंद. त्याला एन्व्हलपचा व्होल्टेज द्यायचा. तो पट्टी दाबली की चढतो, सोडली की उतरतो.

मित्रहो, तुम्हीही करून पाहा. आधी सा, मग मींड, शेवटी श्वास. आणि घरात कुणी गाणारं असेल, तर त्यांना जरूर ऐकवा.