डोक्यातल्या नांग्या : चाईविषयी सभासदांसाठी थोडी माहिती



उसाच्या लागणीत नांग्या पडल्या की आपण लगेच रोपे आणून त्या भरून काढतो. डोक्यात नांगी पडली की मात्र माणूस टोपी खाली ओढतो आणि गप्प बसतो. ऊस विकास विभागाने केसांवर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण एवढेच की, गटात फिरताना बेण्याची आणि खताची चौकशी झाल्यावर लोक आम्हांला बांधाच्या कडेला नेतात, इकडेतिकडे बघतात आणि हळूच टोपी काढून दाखवतात. आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेली माणसे. तेव्हा वाचून आणि त्वचारोगतज्ज्ञांना विचारून जे समजले तेवढेच येथे देत आहोत.

चाई म्हणजे डोक्यावर, दाढीत किंवा भुवईत नाण्याएवढा गोल चट्टा पडून तेथले केस जाणे. कातडी गुळगुळीत राहते, खवले धरत नाही, फारशी खाजही नसते. आयुर्वेदात यालाच इंद्रलुप्त म्हणतात. शंभरात सुमारे दोन माणसांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडते, म्हणजे बाराशे वस्तीच्या गावात वीस-पंचवीस जण तरी निघतील. आपल्याकडे ‘केसाला कीड लागली’ असे म्हणायची पद्धत आहे. पण येथे कीड नाही, बुरशी नाही, न्हाव्याच्या वस्तऱ्याचा दोष नाही. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीरात ज्या पांढऱ्या पेशी असतात त्यांतल्याच काही केसांच्या मुळांना परके समजून त्यांच्यावर धावून जातात. शेताचा राखणदारच रात्री उसात शिरून ऊस मोडू लागला तर जे होईल, तेच येथे होते. म्हणून चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. चाई पडलेल्या पोराला शाळेत वेगळे बसवणे, त्याची फणी-टॉवेल बाजूला काढणे, हे त्या पोरावर अन्याय करणे आहे.

मात्र लहान मुलाच्या डोक्यात चट्टा असून त्यावर खवले असतील, खाज असेल, केस अर्धवट तुटलेले असतील तर ते बहुधा गजकर्ण असते. ते बुरशीचे आहे, लागट आहे आणि त्याला पोटात औषध घ्यावे लागते. दोन्हींतला फरक डॉक्टरांनीच करावा. चाईच्या चट्ट्याच्या कडेला मुळाशी बारीक आणि टोकाला जाड असे आखूड केस दिसतात, काहींच्या नखांवर सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात. तज्ज्ञ या खुणा बघतात.

यात दिलासा देणारी गोष्ट एकच, पण मोठी आहे. चाईत केसाचे मूळ मरत नाही. ऊस तुटून गेला तरी बुडखा जमिनीत जिवंत असतो आणि खोडवा फुटतो, तसेच हे आहे. चट्टे एक-दोनच असतील तर तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत लोकांचे केस वर्षभरात आपोआप येतात. नवे केस पहिल्यांदा पांढरे आणि बारीक येतात, त्याने घाबरू नये, रंग पुढे धरतो. मात्र पुन्हा चट्टे पडण्याची शक्यता राहते. लहानपणीच सुरुवात झाली असेल, मानेवरून कानामागे पट्ट्यासारखे केस गेले असतील किंवा नखेही बिघडली असतील, तर दुखणे चिवट समजावे.

आता खरी अडचण येथेच आहे. निम्मे लोक जर आपोआप बरे होतात, तर त्यांनी त्या काळात जे काही लावले असेल त्याला यश मिळाल्यासारखे वाटते. आमच्या एका गटातील सभासदाने उसाच्या बिलाचा पहिला हप्ता हातात पडला तसा एका तेलवाल्याच्या हवाली केला. बाटलीमागून बाटली आली, चट्टा होता तसाच राहिला, आणि शेवटी ‘पथ्य पाळलं नाही’ म्हणून दोष त्याच्यावरच आला. घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती, त्यात या माणसाने माणसांत बसायचे सोडले, वार्षिक सभेलाही आला नाही. आपण एखादे नवे खत घेतो तेव्हा काय करतो? शेजारी बिनखताचा पट्टा राखतो आणि दोन्हींचा उतारा तोलून बघतो. बिनखताच्या पट्ट्यालाही तेवढाच उतारा आला तर खत विकणाऱ्याला हात जोडतो. डोक्याच्या औषधाला हाच न्याय का लावू नये?

असा तुलनेचा पट्टा राखून केलेले दोन प्रयोग सांगण्यासारखे आहेत. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला थाइम ही वनस्पती, रोझमेरी, लव्हेंडर व देवदाराच्या जातीचे झाड यांचे अर्क घातलेले तेल रोज डोक्याला चोळायला दिले, दुसऱ्या गटाला अर्काशिवायचे नुसते तेल. सात महिन्यांनी पहिल्या गटातील ४३ पैकी १९ जणांना सुधारणा दिसली, दुसऱ्या गटातील ४१ पैकी ६ जणांना. दुसरा प्रयोग २००२ मध्ये इराकमधील बगदादच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावलेल्या २३ पैकी २० जणांना सहा आठवड्यांत केस येऊ लागले, साधे पाणी लावलेल्या १५ पैकी दोघांनाच. कांद्याची बातमी ऐकून आपल्याकडे कुणालाही आनंद होईल, पण जरा थांबावे. माणसे थोडी होती, आणि आपण कांदा लावतोय की पाणी हे नाकालाच कळते. तरीही एक-दोन लहान चट्टे असलेल्या मोठ्या माणसाने महिना-दीड महिना कांद्याचा रस लावून बघायला आमची हरकत नाही. आग झाली, कातडी लाल झाली की बंद करावे. डोळ्यांत जाऊ देऊ नये.

हरकत आहे ती दुसऱ्याच गोष्टींना. चट्टा गोवरीने रगडून रक्त काढणे, त्यावर बिब्बा घालणे, गुंजेचा लेप देणे, लसूण ठेचून रात्रभर बांधणे. बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात आणि जखम भरताना तेथे व्रण धरतो. व्रण धरला की मूळच गेले. जो खोडवा आपोआप फुटला असता त्याचा बुडखाच आपण जाळून टाकला, असे होते. गुंज तर विषारी आहे. घरात लेकरे असताना ती वाटत बसू नये.

राहणीमान सुधारून चाई जाते काय, असे पुष्कळ जण विचारतात. आमचे मत असे की, राहणीने राखणदार शहाणा होतोच असे नाही, पण बुडखा सशक्त राहतो. चाई असलेल्यांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी सापडते, काहींत थायरॉइडचा विकार सोबत असतो आणि बायकांत रक्त कमी असणे तर घरोघरी आहे. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांची तपासणी करून घ्यावी आणि कमी असेल तेच भरून काढावे. माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका हे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो, तेच येथे लागू. मटकी, हरभरा, पालेभाजी, शेंगदाणे, चालत असेल त्यांना अंडी. वर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. केसांच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बायोटिन असते. त्याने थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना सांगावे. झोपेचे मात्र काय सांगावे! रात्रीच्या विजेवर पाणी पाजणाऱ्याला आठ तास झोपा म्हणणे सोपे आहे. निदान पाळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी झोप काढावी. उघड्या चट्ट्याला उन्हाचा चटका बसतो, तेव्हा रानात टोपी किंवा पदर हवाच.

जास्त झालेलेही बाधते. २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रुग्णांच्या शरीरात व गव्हात सेलेनियम जास्त असल्याचे सांगितले. ती चाई नव्हती. पण गावात एकाच वेळी अनेकांचे केस गळू लागले तर तेल शोधत न बसता आरोग्य केंद्राला कळवावे, हे त्यावरून ध्यानात ठेवावे.

चट्टे वाढत असतील, दोन-तीन महिन्यांत भरत नसतील, किंवा भुवया-पापण्या जात असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. लहान चट्ट्यात चार ते सहा आठवड्यांनी स्टेरॉइडची बारीक सुई देतात, लावायची औषधेही आहेत. सगळे डोके गेलेल्यांसाठी बॅरिसिटिनिबसारख्या नव्या गोळ्या निघाल्या. अमेरिकेत तिला या रोगासाठी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्या महाग आहेत, रक्ततपासण्या कराव्या लागतात आणि बंद केल्यावर केस पुन्हा जाऊ शकतात, हे घेण्याआधीच विचारून घ्यावे.

उपाय कोणताही करा, सुरू करण्याच्या दिवशी चट्ट्याशेजारी रुपयाचे नाणे धरून फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याला तसाच पुन्हा काढा. दोन चट्टे असतील आणि कांद्याचा रस लावायचा असेल तर एकालाच लावा, दुसरा तसाच ठेवा. दोन्ही चट्टे बरोबरीने भरले तर कांदा भाजीत घालावा.