किनाऱ्यावर बाळ आणि मे महिन्याचं ऊन

१ जूनपासून मासेमारी बंदी, त्याआधी पुरुमेताची मासळी सुकवायची घाई. घरात कोणी नाही म्हणून बाळंही किनाऱ्यावर येतात. मागच्या मे महिन्यात आमच्या एका सभासदाचं सात महिन्यांचं बाळ होडीच्या सावलीत झोपवलं होतं. सावली सरकली, आई मासळी उलटण्यात गुंतली. संध्याकाळी बाळाच्या पायांवर फोड आले. म्हणून हे लिहितोय.

बाळाची कातडी आपल्यापेक्षा पातळ. सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका, हात लावून बघा. कातडी गरम लागली आणि बाळ कळवळलं, तर ऊन लागलंय असं समजा.

सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात नेऊच नका. सकाळी दहा ते दुपारी चार तर नाहीच. आजी म्हणते ते कोवळं ऊन वेगळं, ते सकाळी लवकर अंगणात थोडा वेळ. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की ऊन कडक झालं, घड्याळ बघायला नको. ढग आले म्हणूनही निर्धास्त राहू नका, पातळ ढगातून बरंचसं ऊन खाली येतंच.

सावली म्हणजे काय, हेही सांगायला हवं. जुनं जाळं टांगून सावली होत नाही. ताडपत्री अगदी डोक्यालगत बांधली तर खाली भट्टी होते. झावळ्यांचा उंच मांडव बरा, वारा खेळतो. पण वाळू आणि पाण्यावरून ऊन परावर्तित होऊन सावलीतही पोचतं, म्हणून अंगात लांब बाह्यांचं सैल, घट्ट विणीचं झबलं आणि कानांवर येणारी टोपी हवीच. झोळीवर जाड चादर मात्र टाकू नका, आत बाळ उकडून निघतं.

मे महिन्यात खाऱ्या पाण्याची आंघोळ आपल्याकडे चालते. मोठ्या बाळाला न्यायचं तर सकाळी लवकर न्या, दहा मिनिटं पुरे. पाण्यात असलं तरी ऊन लागतं. पातळ सुती कपडा भिजला की ऊन आणखी आत येतं, म्हणून बाहेर येताच कोरडा कपडा घाला. गोड्या पाण्याने अंग धुवा, काखेतली, जांघेतली वाळू काढा. पुसताना घासू नका, टिपून घ्या.

सनस्क्रीन सहा महिन्यांनंतर. झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा जास्त, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. बाळ बोटं चोखतं, तेव्हा तळहातांना नको. खोबरेल तेल अंगाला चांगलं, पण उन्हाला ते अडवत नाही. तेल चोपडून निर्धास्त होणारे आमच्यातही पुष्कळ आहेत!

भाजलंच तर आधी सावलीत आणा, थंड पाण्यात भिजवलेला कपडा ठेवा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको. फोड फोडू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाला वारंवार पाजा. सहा महिन्यांखाली वरचं पाणी देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाला ऊन भाजलं तर वाट न बघता दवाखान्यात न्या. ताप, सुस्ती, दूध न पिणं, लघवी कमी होणं यातलं काही दिसलं, तर मासळी वाळूतच राहू दे, आधी बाळाला उचला.